अकरा दिवस, दोन माणसं, दोन पाकिटं: युरोपच्या ग्रुप टूरमधल्या हातखर्चाचा हिशेब

प्रकरण माझ्या मावशीचं आणि काकांचं आहे. राहायला सांगलीला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, मावशी घरी शिवणाचे क्लास घेते. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दोघं एका मराठी टूर कंपनीबरोबर युरोपला गेली. पॅरिसमध्ये उतरायचं, तिथून बसने ल्यूसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स-पिसा करत रोमहून परतायचं, असा २४ मे ते ३ जूनचा कार्यक्रम. माणशी तीन लाख पाच हजार रुपयांत विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, बस, मुख्य प्रवेशतिकिटं, रोजचा नाश्ता आणि रात्रीचं भारतीय जेवण हे सगळं आलं. दुपारचं जेवणही तीन दिवस वगळता कंपनीचंच होतं.

राहिला एकच प्रश्न: हातखर्चाला किती न्यायचे? दोघांची उत्तरं इतकी वेगळी होती की घरात दोन दिवस अबोला झाला. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी काकांना सांगितलं होतं, "रोज माणशी पन्नास युरो धरा." काकांनी अकरा दिवस गुणिले दोघं केलं, अकराशे युरो झाले. त्या वेळी युरो साधारण ९६ रुपयांना पडत होता, म्हणजे एक लाख पाच हजारांच्या पुढे. हे सगळे पैसे नोटांत, एका कापडी पिशवीत, स्वतःच्या कमरेला बांधून न्यायचे असा त्यांचा बेत होता. मावशीचं म्हणणं, "सगळं तर भरलंय की. तीनशे युरोसुद्धा खूप झाले."

मी मध्ये पडले तेव्हा लक्षात आलं, की कंपनीने पाठवलेला दिवसवार कार्यक्रम आकडा ठरवताना दोघांनीही उघडलेला नव्हता.

पैसे कधी खर्च होऊ शकतात?

'रोज इतके युरो' हा आकडा स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्या माणसाचा आहे. तो तिन्ही वेळचं जेवण विकत घेतो, मेट्रोची तिकिटं काढतो, संग्रहालयाच्या रांगेत पैसे मोजतो. ग्रुप टूरमधल्या माणसाचा दिवस आधीच बांधलेला असतो. सकाळी बॅगा खाली, नाश्ता, बस, प्रेक्षणीय स्थळ, जेवण, बस, हॉटेल. बसचं दार उघडतं, टूर मॅनेजर "चाळीस मिनिटं आहेत, साडेतीनला इथेच भेटू" म्हणतो आणि समोर दुकान असतं, तेवढ्याच वेळात पैसे खर्च होऊ शकतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा हे मोकळे तुकडे मोजायचे आणि प्रत्येक तुकड्यासमोर आकडा लिहायचा. मला या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते.

आम्ही कार्यक्रमाचा कागद टेबलावर पसरला, मावशीने लाल पेन्सिल घेतली. प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी लिहायच्या ठरल्या: जेवण कोणाचं, बस किती तास, मोकळा वेळ कुठे आणि किती, आणि त्या दिवशी वार कोणता.

पहिला दिवस रिकामाच निघाला. विमानतळ, हॉटेल, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी पॅरिसदर्शन, आयफेल टॉवर, सेन नदीतली बोटफेरी, तिन्हींचे पैसे आधीच भरलेले. तिसऱ्या दिवशी दुपार मोकळी आणि जेवण आपलं, म्हणजे हा खर्चाचा दिवस. चौथ्या दिवशी पॅरिस ते ल्यूसर्न, सुमारे सहाशे किलोमीटर. इथे एक नियम उपयोगी पडतो. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर निदान ४५ मिनिटं थांबावंच लागतं, तसा कायदा आहे. शिवाय बसमध्ये पन्नाशी-साठीपुढचीच माणसं जास्त, त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी एक थांबा धरायचा. अशा प्रवासात तीन-चार वेळा हायवेवरच्या सर्व्हिस एरियात उतरणं होतं. दरवेळी समोर कॉफीचं यंत्र, चॉकलेटांच्या भिंती आणि स्वच्छतागृह. जर्मनीतून जाणाऱ्या सहलींना तर सुटी नाणी हवीतच. तिथल्या हायवेवरच्या सानिफेअर स्वच्छतागृहांत २०२२ च्या नोव्हेंबरपासून १ युरो पडतो. त्या बदल्यात तेवढ्याच रकमेची चिठ्ठी मिळते, ती शेजारच्या दुकानात चालते. बरेच जण ती खिशात ठेवून विसरतात.

पाचवा आणि सहावा दिवस स्वित्झर्लंडचे. बुधवारी सकाळी टिटलिसचा बर्फाचा डोंगर, दुपारी ल्यूसर्न शहरात दीड तास. गुरुवारी युंगफ्राउयोख आणि इंटरलाकेन. वार लिहिण्याचा फायदा इथे झाला. तो गुरुवार होता २९ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि त्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. सुट्टीच्या आणि रविवारच्या दिवशी तिथली नेहमीची सुपरमार्केट बंद असतात. स्टेशनांमधली आणि पर्यटकांच्या भागातली दुकानं तेवढी उघडी. म्हणजे नातेवाइकांसाठीची चॉकलेटं स्वस्तात घ्यायला एकच वेळ होती, बुधवारची दुपार. त्या दीड तासात बस जिथे सोडते तो श्वानेनप्लाट्झ चौक महागड्या घड्याळांच्या दुकानांनी भरलेला आहे. सगळा ग्रुप तिथेच अडकतो. मावशीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'उतरल्याबरोबर कोऑप किंवा मिग्रो, घड्याळं नंतर.' ही दोन्ही तिथली नेहमीची सुपरमार्केट.

सातव्या दिवशी ऱ्हाईनचा धबधबा आणि इन्सब्रुकजवळ वाटेन्सला स्वारोव्स्की या क्रिस्टलच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं प्रदर्शन. त्याच्या शेवटी भलंमोठं दुकान असतं, तिथे मन आधीच ठरवून जावं. आठवा दिवस व्हेनिस, शनिवार, जेवण आपलं. नववा फ्लॉरेन्स-पिसा. दहावा रोम, २ जून, इटलीचा प्रजासत्ताक दिन. सकाळी कोलोसियमच्या बाजूला संचलनामुळे रस्ते बंद असतात, तेव्हा मोकळा वेळ कमी-जास्त होणार हे गृहीत धरलं. अकराव्या दिवशी विमान.

अकरापैकी खरे खर्चाचे दिवस पाच निघाले. उरलेल्या दिवशी कॉफी आणि सुटे पैसे, बस.

अंदाजपत्रक

मावशीने हे आकडे वहीत लिहिले, दोघांचे मिळून, युरोत:

स्वच्छतागृहं आणि सुटे: ४०
कॉफी, आइस्क्रीम, फळं: ९०
तीन दुपारची जेवणं: १००
टूर मॅनेजर, चालक, स्थानिक गाइड यांची टिप: ६६
गोंडोला (व्हेनिसमधली होडीची फेरी): ३६
भेटवस्तू: २५०
मावशीचे स्वतःचे: १००
काकांचे स्वतःचे: १००

एकूण ७८२, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार रुपये. शेजाऱ्यांच्या आकड्यापेक्षा तीस हजारांनी कमी आणि मावशीच्या आकड्याच्या अडीचपट.

टिपेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यावर पुष्कळ लोक नाराज होतात. या कंपनीने माणशी रोज ३ युरो आधीच सांगितले होते, पहिल्या दिवशी पाकिटात घालून द्यायचे. तो खर्च नक्की आहे, त्यावर विचार करत बसू नये. पैसे मोजून वेगळ्या पाकिटात घातले की ते आपले नाहीत असं समजायचं. चालक दिवसभर बस चालवतो, आपल्या जड बॅगा उचलतो. त्याचा वाटा रोजच्या कॉफीतून कापून द्यायची वेळ येऊ नये.

गोंडोलाचा हिशेबही कागदावर सोपा होतो. व्हेनिसमध्ये अर्ध्या तासाच्या दिवसाच्या फेरीचा अधिकृत दर ९० युरो आहे आणि तो पूर्ण होडीचा आहे, माणशी नाही. होडीत पाच जण बसू शकतात. पाच जण जमले तर माणशी १८. दोघांनीच बसायचं असेल तर प्रत्येकी ४५. संध्याकाळी सातनंतर दर वाढतो. हे आधी माहीत असलं की धक्क्यावर उभं राहून घासाघीस करावी लागत नाही. दिवसापुरतं शहरात येणाऱ्यांसाठीचं शुल्कही त्या वर्षी शनिवारी लागू होतं, आधी नोंदवलं तर ५ युरो, शेवटच्या तीन दिवसांत भरलं तर १०. ते कंपनीने भरल्याचं आम्ही विचारून घेतलं.

भेटवस्तूंचे २५० मात्र आकाशातून आले नाहीत. मावशीने नावांची यादी केली आणि ती सत्तावीस नावांवर थांबली. मुलगी-जावई, नातू, दोन दिरांची कुटुंबं, शिवणाच्या क्लासच्या मुली, शेजारी, घरी कामाला येणाऱ्या ताई, काकांचे सकाळी फिरायला येणारे मित्र. आपल्याकडे कोणी परदेशातून आलं की सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं आणि ते ठेवताना मावशीला जो आनंद होतो तो मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यामुळे 'कशाला इतकं' असं मी एकदाही म्हटलं नाही. फक्त तीन गट पाडले. अगदी जवळच्यांना नावानिशी वस्तू, शेजाऱ्यांना चॉकलेटचं एक पाकीट, क्लासमध्ये आणि मित्रांत सुटी चॉकलेटं वाटायची. जूनच्या सुरुवातीला मुंबई विमानतळापासून सांगलीपर्यंतच्या गाडीत चॉकलेट वितळतं, म्हणून कागदात गुंडाळलेली छोटी चॉकलेटं घ्यायची. मोठ्या वड्या टाळायच्या. नातवाला स्विस चाकू हवा होता. तो हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकायचा हेही यादीत लिहिलं.

दुसरं पाकीट

आता मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. काकांच्या बेतात सगळे पैसे त्यांच्या कमरेला होते. यात वाईट हेतू काहीच नव्हता. चोरी होऊ नये, मावशीला त्रास होऊ नये, एवढंच. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. पॅरिसमध्ये मोकळी दुपार, मावशीला रुमाल आवडलाय, काका शंभर पावलं पुढे फोटो काढतायत. तिने हाक मारायची, ते येणार, शर्ट वर करून पिशवी उघडणार, किंमत ऐकून मनात रुपये करणार, आणि चेहऱ्यावर काय येईल ते ती आधीच ओळखणार. म्हणून ती हाक मारतच नाही. आयुष्यभर स्वतःच्या मशीनवर कमावलेल्या बाईने अकरा दिवस दर कॉफीला कोणाकडे तरी बघायचं, हे मला मान्य नव्हतं.

म्हणून पैसे पहिल्यापासून दोघांच्या नावाने वेगळे केले. मावशीच्या पॅनवर आणि पासपोर्टवर तिचं स्वतःचं फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, काढलं. तिचा पिन तिने स्वतः ठरवला आणि घरातल्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये न लिहिता पाठ केला. भेटवस्तूंचे सगळे पैसे तिच्या कार्डावर, कारण यादी तिची. जेवण आणि टिप काकांकडे. 'स्वतःचे' म्हणून लिहिलेल्या शंभर-शंभर युरोंचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही, हे तिघांसमोर ठरलं. काका थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तिचे पैसे तिच्याकडेच पाहिजेत."

एकाचं पाकीट गेलं तर दुसऱ्याचं शिल्लक राहतं, हा सुरक्षेचा फायदा आपोआप मिळाला. पण तो नसता तरी मी हेच सुचवलं असतं.

नोटा, कार्ड आणि बँकेतली कामं

स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक. पर्यटकांची बरीच दुकानं युरो घेतात, पण भाव त्यांचा आणि सुटे परत फ्रँकमध्ये. म्हणून एकूण रकमेतले १५० फ्रँक वेगळे काढले, त्या वेळी एक फ्रँक साधारण १०३ रुपयांना होता. नोटांत १०० फ्रँक आणि ३०० युरो नेले, तेही पाच, दहा आणि वीसच्या नोटा मागून घेऊन. बाकीचे ३२० युरो आणि ५० फ्रँक दोन कार्डांवर. त्याखेरीज अडचणीसाठी ३०० युरो काकांच्या कार्डावर ठेवले. ते अंदाजपत्रकात नव्हते, घरी परत यायचे म्हणूनच ठेवले होते.

कार्डावर फ्रँक संपले आणि स्वाइप केलं, तर बँक युरोतून पैसे वळते करते आणि त्यावर आकार घेते. म्हणून स्विस दिवसांत कार्डापेक्षा फ्रँकच्या नोटा आधी संपवायच्या असं ठरलं. दुसरी सूचना मी दोन्ही कार्डांच्या पाकिटावर लिहून चिकटवली: मशीनवर 'रुपयांत की तिथल्या चलनात' असं विचारलं, तर नेहमी तिथलं चलन. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा महाग दर लागतो. आपल्या डोळ्यांना ओळखीचा आकडा दिसतो म्हणून माणसं पटकन रुपयेच निवडतात.

परकीय चलन घेताना पन्नास हजारांपेक्षा जास्त रुपये रोख देता येत नाहीत, त्यामुळे काकांनी घरात जमवलेल्या नोटांचा उपयोग झाला नाही आणि पैसे बँकेतून वळते करावे लागले. टूरच्या रकमेवर कंपनीने तेव्हाच्या नियमाप्रमाणे ५ टक्के टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आधीच गोळा केला जाणारा कर, घेतला, दोघांचा मिळून साडेतीस हजार. तो आयकर विवरणपत्र भरल्यावर करात जमा होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ती रक्कम हातातून गेलेली असते आणि अनेक घरांत नेमका हातखर्चाचा पैसाच त्यात जातो. पहिला हप्ता भरतानाच हे पैसे वेगळे धरले तर शेवटच्या आठवड्यात ओढाताण होत नाही.

प्रत्यक्षात काय झालं

मावशी रोज रात्री हॉटेलवर वहीत लिहायची. परत आल्यावर आम्ही आकडे मांडले. एकूण खर्च ७२३ युरो.

सुट्या पैशांचे फक्त १४ गेले. फ्रान्समध्ये आणि इटलीत हायवेवरच्या थांब्यांवर बहुतेक ठिकाणी पैसे लागले नाहीत, पॅरिसमधली रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहंही फुकट असतात. व्हेनिसमध्ये मात्र माणशी दीड युरो. पाण्याला जवळजवळ काहीच पडलं नाही. दोघांनी एकेक स्टीलची बाटली नेली होती. स्वित्झर्लंडमधल्या रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे तशी पाटी असते. रोममध्ये 'नासोने' नावाचे लोखंडी नळ दिवसरात्र वाहतात. ग्रुपमधले बरेच जण तीन-तीन युरोच्या बाटल्या घेत होते, असं मावशीने सांगितलं.

जेवणाचे १०० धरले होते, लागले ७१. पॅरिसमध्ये बेकरीतून सँडविच घेतलं, व्हेनिसमध्ये पिझ्झाचे तुकडे. तिथे टेबलावर बसलं की माणशी बैठकीचा वेगळा आकार बिलात येतो, हे टूर मॅनेजरने आधीच सांगितलं होतं. सान मार्को चौकातल्या पायऱ्यांवर बसून खाल्लं तर दंड होतो, म्हणून गल्लीतल्या दुकानाच्या काउंटरलाच उभं राहून खाल्लं.

कॉफीत मात्र आमचा अंदाज चुकला. ९० धरले होते, ११८ गेले. पहिले तीन दिवस काकांनी दर कॉफीचे रुपये केले. ल्यूसर्नला एक कपचे पाचशे रुपये होतात म्हटल्यावर त्यांनी घेतलीच नाही. मग मावशीने वही दाखवली: "हे बघा, नव्वद युरो कॉफीचेच आहेत, ते परत न्यायचे नाहीत." त्यानंतर दोघांनी रोज दोनदा घेतली. इटलीत काउंटरपाशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो दीड युरोच्या आत मिळते, तीच टेबलावर दुप्पट-तिप्पट. काकांना ती उभ्याची कॉफी फार आवडली. हा जास्तीचा खर्च मला योग्य वाटतो. आधी ठरवून ठेवलेल्या रकमेचा उपयोग खर्च कमी करण्यापुरता नसतो, करायचा तो खर्च मोकळ्या मनाने करता यावा यासाठीही असतो.

भेटवस्तू ३१० ला गेल्या. ल्यूसर्नच्या दीड तासात मावशीने चॉकलेटांचं सगळं काम चाळीस मिनिटांत उरकलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि ज्यांनी 'उद्या बघू' म्हटलं त्यांना तीच चॉकलेटं डोंगरावरच्या दुकानातून घ्यावी लागली. जास्तीचे साठ गेले इटलीत. यादीत नसलेली माणसं आठवली, मावशीची जुनी मैत्रीण, भाजीवाल्या आजी, डॉक्टर. ते पैसे काकांच्या शंभरातून आले. त्यांनी स्वतःसाठी फक्त १२ युरोंची टोपी घेतली आणि "माझे तसेच पडलेत, तू घे" म्हणून कार्ड पुढे केलं. मावशीचे स्वतःचे ९६ गेले. कशाला, ते तिने मला सांगितलं नाही आणि ठरल्याप्रमाणे मी विचारलंही नाही.

टिप आणि गोंडोला जसे लिहिले तसेच. अडचणीच्या तीनशेंना हात लागला नाही. नाणी इथे कोणी बदलून घेत नाही, म्हणून रोमच्या विमानतळावर ती कॉफीत संपवली. नोटा थोड्या उरल्या. दोन हजार डॉलरपर्यंतचं परकीय चलन घरी ठेवता येतं, तेव्हा त्या पुढच्या वेळेसाठी कपाटात गेल्या आणि कार्डावरचे पैसे बँकेने रुपयांत परत केले.

आता मावशीच्या क्लासमधल्या दोघी जणी पुढच्या वर्षी अशाच टूरला निघाल्या आहेत. त्यांच्यासाठी मी वहीतले आकडे बदलले: सुटे ४० ऐवजी २०, कॉफी १२०, जेवण ८०, आणि भेटवस्तूंच्या यादीत शेवटी 'आयत्या वेळी आठवलेले' म्हणून पाच नावांची जागा मोकळी. त्यांचा कार्यक्रम जर्मनीतून जातो, म्हणून एक युरोची वीस नाणी पॅरिसला उतरल्यावरच सुटी करून घ्या असंही लिहून दिलं आहे. कोणत्या दिवशी कुठे रविवार येतो ते त्या दोघी लाल पेन्सिल घेऊन स्वतः काढतायत.